शाल, श्रीफळ आणि एक कार्ड

थोर माणसे दुरून पाहावीत, असे माझे फार दिवसांचे मत आहे. डोंगरांबद्दल आपल्याकडे जी म्हण आहे, तिचा अर्थ मात्र मी थोडा निराळा लावतो. दुरून डोंगर साजरे दिसतात यात डोंगराचा काही दोष नाही. जवळ गेल्यावर धाप लागते ती आपल्याला. थोरांच्या बाबतीत हेच होते. जवळ गेलो की आपली जीभ अडखळते, घाम फुटतो, हातातला हार कोणाच्या गळ्यात घालायचा तेही कळेनासे होते, आणि घरी परत आल्यावर मात्र आपण ऐटीत सांगतो, "डोंगर काही एवढा उंच नाही हो!"

हे सारे सुचले ते गेल्या कोजागिरीला, आमच्या डॉक्टरांच्या गच्चीवर. आमचे गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. दर वर्षी कोजागिरीला आम्ही चारपाच घरची मंडळी तेथे जमतो. डॉक्टर, वकील, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, विमावाले आणि मी. कोणाचीच नावे येथे देत नाही. गावातही आम्हाला कोणी नावाने ओळखत नाही, धंद्याने ओळखतात. मोठ्या पातेल्यात दूध आटत असते, डॉक्टरीणवहिनी त्यात केशर-वेलदोडा-चारोळी घालत असतात, मधोमध भडंगाची परात असते. त्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारत फिरते म्हणतात. आमच्यापैकी कोणाकडेच ती आजवर फिरकलेली नाही. पण जागे राहण्यात आमची कसूर नसते. आणि जागे राहायला गप्पांसारखे औषध नाही, असे खुद्द डॉक्टरांचेच मत आहे.

यंदा आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई प्रथमच आल्या होत्या. बाईंच्या निवृत्तीला आता थोडेच महिने उरले आहेत. तीस वर्षे 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळे असेल, पण बाई बोलतात फार थोडे. वहिनींनी आग्रह केला म्हणून आल्या आणि कठड्याशी एका खुर्चीवर बसून राहिल्या.

विषय निघाला तो गावातल्या एका दुकानाच्या उद्घाटनावरून. मुंबईहून कोणी तारका येणार म्हणून सकाळपासून रस्ता बंद होता. ती आली संध्याकाळी, तीन मिनिटे थांबली, हात हलवला आणि गेली. "हे काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी सुरुवात केली.

त्यांच्या एका मित्राच्या प्रसूतिगृहाची नवी इमारत झाली होती. उद्घाटनाला सिनेमातला एक नट बोलावला होता. बिचाऱ्याने जन्मभर खलनायकाची कामे केलेली. फीत कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आले की पाहुण्यांच्या हातात एखादे बाळ देऊन फोटो काढावा. पहिल्याच खाटेपाशी बाळाची आजी बसली होती. पाहुण्यांनी हात पुढे करताच म्हातारीने बाळ पदराखाली घेतले आणि ती ओरडली, "शिवू नको मुडद्या! त्या पोरीचं काय केलंस ते मी डोळ्यानं बघितलंय!"

"मग?"

"मग काय? आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. तो मात्र हात जोडून म्हणाला, 'आजी, मला तीन मुली आहेत.' म्हातारीनं त्याला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, 'लग्नं झाली का?' दोघींची झाली म्हणाला, तेव्हा कुठं बाळ दिलं!"

वकिलांची कथा निराळी. कॉलेजात असताना एका थोर गायिकेच्या मैफलीला ते स्वयंसेवक होते. बाईंना मंचापर्यंत पोचवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या वीस पावलांत काय बोलायचे, हे त्यांनी आठ दिवस पाठ केले होते. त्यात दोन उपमा होत्या आणि एक संस्कृत अर्धी ओळ होती. प्रत्यक्षात बाई समोर आल्या आणि वकिलांच्या तोंडून शब्द निघाले ते एवढेच: "जेवलात का?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'गाण्याआधी मी जेवत नाही.' त्यावर मी काय बोललो असेन? म्हटलं, 'बरं, मग नंतर जेवा.'" हे सांगून वकील स्वतःच इतके हसले की त्यांच्या वाटीतले दूध सांडले. जो माणूस आज न्यायाधीशासमोर तासतासभर बोलतो, त्याची आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची मुलाखत अशी जेवणाखाण्यात गेली.

मॅनेजरांची गोष्ट हाराची होती. नव्या शाखेच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. गाडी आली, पुढचे दार उघडले, पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक भारदस्त गृहस्थ खाली उतरला आणि मॅनेजरांनी हार त्याच्या गळ्यात घातला. तो ड्रायव्हर होता. मंत्री मागच्या दाराने उतरून पागोट्यांच्या गर्दीत उभे होते. हार एकच आणलेला होता. "मग मी तो परत काढून घेतला," मॅनेजर म्हणाले.

"त्याच्या गळ्यातनं?"

"हो. तो आपणहून वाकला. म्हणाला, 'काढा साहेब, सवय आहे.'"

आम्ही हसलो. मॅनेजरही हसले, पण ते जरा लवकर थांबले. मग पातेल्याकडे बघत म्हणाले, "पण मी लाजून गप्प झालेला खरा मांडव बघितलाय तो कऱ्हाडचा." 1975 साली कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले तेव्हा मॅनेजर शाळकरी पोर होते आणि स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाणी वाटत होते. आणीबाणीचे दिवस. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे केंद्रीय मंत्री. आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी त्या मांडवात आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना सांगितले. "मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं," मॅनेजर म्हणाले, "पण हातातला पाण्याचा पेला कुठं ठेवावा ते सुचेना, एवढं आठवतं."

क्षणभर गच्चीवरही तसेच झाले. अवघडून जाण्याचेही दोन प्रकार असतात. एक आपल्या वेंधळेपणामुळे येतो, आणि दुसरा कोणीतरी खरे बोलल्यामुळे. पहिल्याची गोष्ट होते. दुसऱ्याची चटकन होत नाही. पण हा विचार तेव्हा मला सुचला नव्हता. तेव्हा मला एवढेच वाटले की बैठक थंडावली, आणि ती पुन्हा तापवायला आपली ठेवणीतली गोष्ट काढावी. माझी ही गोष्ट गेली वीस वर्षे कधी वाया गेलेली नाही.

"2004 सालची गोष्ट," मी म्हणालो. "कॉलेजात नवा लागलो होतो. वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला एक नामवंत लेखक बोलावले होते. सत्तरीच्या पुढचे. पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे. आता आमच्या ग्रंथालयाच्या कार्डांचा काय घोटाळा झाला होता देव जाणे! एकाच आडनावाचे दोन लेखक, त्यांची कार्डे एकमेकांत मिसळलेली. मी बिचारा कार्डावर भरवसा ठेवून गेलो आणि दुसऱ्याच लेखकाची कादंबरी यांच्या नावावर जाहीर करून बसलो! आणि गंमत पुढेच आहे. मला वाटलं, म्हातारबुवा उठून आता माझी शोभा करणार. छे! त्यांनी शांतपणे मान डोलावली, खांद्यावरची शाल सारखी केली आणि शालीबरोबर ती कादंबरीही अंगावर घेतली. शाल, श्रीफळ आणि एक कादंबरी!"

हशा पिकला. नेहमी या वाक्याला पिकतोच. डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "काय पण लोक असतात!" वकील म्हणाले. मी खूश होऊन भडंगाची मूठ भरली.

"म्हणजे प्रोफेसर, तुम्ही आणि मी एकाच धंद्यातले," विमावाले म्हणाले. "आम्ही पॉलिसी विकतो, तुम्ही पाहुणा विकता. 'यांचा परिचय करून देण्याची गरज नाही' म्हणायचं आणि मग अर्धा तास द्यायचा, ही विक्रीच की!"

हे मला पटले, आणि पटलेली गोष्ट सोदाहरण सांगण्याची मास्तरी खोड असल्यामुळे मी लगेच व्याख्यान सुरू केले. महाराष्ट्राला पाहुणे बोलावून ऐकायची सवय जुनी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, तेव्हापासून तरी नक्कीच. पण माल खपवण्याची कला त्याहून जुनी आहे. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे लिहिली ती वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांच्या तोंडी घालून. आत अध्यात्म, पण हाळी रस्त्यावरची. नाथांना पक्के ठाऊक होते की नुसते तत्त्वज्ञान घेऊन दारात गेले तर लोक 'पुढे जा' म्हणतील. आणि दादासाहेब फाळके! 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. मुंबईत चालला, पण सुरतेला प्रेक्षक येईनात. दोन आण्यांत रात्रभर नाटक बघायची सवय असलेल्या माणसाने तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कशाला बघावा? फाळक्यांनी म्हणे जाहिरात दिली, की सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, सगळे मिळून फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली.

"वा!" विमावाले खुर्चीवरून उठलेच. "एक अक्षर खोटं नाही, आणि खरं काहीच सांगितलेलं नाही! याला म्हणतात विक्री."

"आणि 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या," मी पुढे रेटले. "त्या जाहिरातीतल्या त्या पहिल्या भारतीय तारका."

"साबण कोण घेतंय?" वकील म्हणाले. "लोकांनी लीलाबाईंचा शेजार विकत घेतला."

वकील सहज बोलून गेले. पण आम्ही मघापासून दुसरे काय करत होतो? थोरांच्या शेजारी आपण क्षणभर उभे होतो, एवढेच ना आम्ही एकमेकांना विकत होतो?

त्यातून आमचा दरवर्षीचा खेळ निघाला. तो विमावाल्यांनी काढलेला. प्रत्येकाने घरातली एक अगदी निरुपयोगी वस्तू आणायची, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याला जी वस्तू येईल ती त्याने उभे राहून विकायची. विकणाऱ्याने हसायचे नाही, हा एकच नियम.

विमावाल्यांना छत्री आली. कापड केव्हाच गेलेले, नुसत्या काड्या आणि मूठ. त्यांनी ती उघडून डोक्यावर धरली. "मंडळी, बाजारातली कोणतीही छत्री घ्या. पावसात नेली की भिजते, घरभर पाणी गळतं, वाळत घालावी लागते. ही बघा! कितीही पाऊस पडो, हिचं कापड भिजणार नाही, याची लेखी हमी. शिवाय वर मान केली की आभाळ दिसतं. कोणत्या छत्रीतनं चंद्र दिसतो सांगा!" आम्ही सगळ्यांनी वर पाहिले. काड्यांच्या जाळीत खरोखरच कोजागिरीचा चंद्र होता.

वकिलांना एकच चप्पल आली, डाव्या पायाची. "देवळाबाहेरनं चोर जोडी नेतो. एक चप्पल कोणी नेल्याचं माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत उदाहरण नाही. ही घ्या आणि निर्धास्त दर्शन घ्या. दर्शनात लक्ष लागण्याची किंमत पैशात होत नाही. पण तरी मी एक आकडा सांगतो."

मॅनेजरांना 2018 सालचे कॅलेंडर आले. त्यांनी ते तिजोरीतून काढल्यासारखे उलगडले. "नव्या कॅलेंडरातल्या एकाही दिवसाची खात्री मी देऊ शकत नाही. यातले तीनशे पासष्टच्या तीनशे पासष्ट दिवस सुखरूप पार पडलेले आहेत. इतकी सुरक्षित ठेव कोणत्याही बँकेत मिळणार नाही. शिवाय ही मुदतठेव आहे. 2029 साली हिचे वार पुन्हा तंतोतंत जुळतील. तिथी आणि एकादशा तेवढ्या पंचांगात बघून घ्या."

वहिनींच्या वाट्याला किल्ली आली. तिचे कुलूप कोणते, ते तिलाही ठाऊक नसावे. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. "ही किल्ली कमरेला लावा. कुणी विचारलं कशाची, तर नुसतं हसा. घरात सगळ्यांना वाटेल, म्हातारीची कुठंतरी पेटी आहे. सून चहा आणून देईल, मुलगा डॉक्टरकडं नेईल. शेवटपर्यंत नीट सांभाळतील. पेटीला एवढा पैसा लागतो. किल्लीला काय लागतं?" यावर बायका हसल्या, पण जरा निराळ्या हसल्या.

मग माझी चिठ्ठी उघडली. मला ग्रंथपालबाईंनी आणलेली वस्तू आली होती. ग्रंथालयाच्या तालिकेतले एक कार्ड.

पाच इंच लांब, तीन इंच रुंद; कडा पिवळ्या पडलेल्या; खाली मधोमध दांडी ओवायचे भोक. वर टंकलेखनयंत्राने छापलेला वर्गांक, 641.5, म्हणजे पाकशास्त्र. "ग्रंथालय आता संगणकावर गेलं," बाई म्हणाल्या. "खण रिकामे केले. हजारो कार्डं रद्दीत गेली. त्यातलं एक आणलं. याहून निरुपयोगी काही सुचलं नाही."

मी कार्ड उंच धरले. वर्गात पन्नास पोरे सांभाळायची सवय. मला शब्द शोधावे लागत नाहीत. "मंडळी! या कार्डाकडे नीट बघा. याला वीज लागत नाही. याला पासवर्ड लागत नाही. आणि निष्ठा केवढी! पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, एखाद्या प्राध्यापकानं घरी नेलं आणि तो बदली होऊन गेला, तरी हे कार्ड खणात उभं राहून सांगतं की पुस्तक आहे. आणि सर्वांत मोठा गुण सांगू? माणसं काहीही बोलतील; पण हे कार्ड वीस वर्षांत कधी खोटं—"

येथे मी थांबलो.

थांबलो, कारण समोर बाई बसल्या होत्या. हसत नव्हत्या; रागावलेल्याही नव्हत्या. काउंटरवर एखादा पोरगा उशिरा पुस्तक परत करायला आला की त्या जशा बघतात, तशा माझ्याकडे बघत होत्या. आणि मला आठवले की ही गोष्ट मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली, पण बाईंच्या समोर कधीच सांगितली नव्हती. आज हशाच्या भरात त्या तेथे आहेत हेच मी विसरलो होतो.

"काय झालं? माल संपला?" विमावाले म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "माल खोटा आहे. म्हणजे कार्ड नाही. मघाची गोष्ट."

एकदा तोंडातून निघाल्यावर पुढचे सांगणे भागच होते. परिचयासाठी मी ग्रंथालयात गेलोच नव्हतो. परिचय लिहिला तो प्राध्यापकांच्या खोलीत, चहा पिता पिता, दहा मिनिटांत, आठवणीवर विसंबून. त्या कादंबरीचे नाव मी परीक्षेपुरते वाचले होते. कादंबरी वाचली नव्हती. आडनाव एक म्हणून ती यांच्याच नावावर घातली. म्हातारबुवांनी मान डोलावली नाही. मी ते नाव घेतले तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. माझ्या हातातला कागद थरथरत होता, तो त्यांना दिसला असावा. त्यांनी मान खाली घातली. पुढे ते तासभर बोलले. आपल्या गावच्या बायकांच्या बोलीबद्दल बोलले, कान उघडे ठेवण्याबद्दल बोलले. स्वतःच्या एकाही पुस्तकाचा उल्लेख त्यांनी केला नाही. तेव्हा मला वाटले, केवढा विनय! आता वाटते, एकाचा उल्लेख केला असता तर दुसऱ्याचा खुलासा करावा लागला असता, आणि समोर माझे विद्यार्थी बसले होते.

रात्री मी त्यांना मिरजेला गाडीवर पोचवायला गेलो. जीपमध्ये आम्ही दोघेच मागे होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "ती कादंबरी वाचलीत का तुम्ही?"

मी म्हणालो, "हो."

ते म्हणाले, "चांगली आहे. मला तशी लिहिता आली नाही."

एवढेच. मग ते बाहेरच्या उसाकडे बघत राहिले, आणि यंदा पाऊस कसा आहे ते विचारू लागले.

"दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन खण ओढला," मी सांगितले. "कार्ड काढलं. कार्ड बरोबर होतं."

पत्र लिहायचे मी ठरवले होते. दोनदा मजकूरही केला. पोस्टकार्डावर तो मावेना, आणि पाकिटात घालून पाठवावा एवढे धैर्य होईना. तेवढ्यात एका सहकाऱ्याच्या चूक लक्षात आली. त्याने चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारले, तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघाले, "ग्रंथालयाचं कार्डच चुकीचं होतं." आणि कोणी त्यावर बोलण्याच्या आत पुढचेही निघाले, की "पण म्हातारबुवांनी कशी मान डोलावली ते पाहिलंत ना?" सगळे हसले. हशासारखी वाईट सवय नाही. पहिल्यांदा तो आपल्याला वाचवतो, म्हणून आपण त्याच्याकडे पुन्हा जातो. पुढे पुढे मान डोलावण्यात शाल सारखी करण्याची भर पडली, आणि मग शाल-श्रीफळाचे ते वाक्य सापडले. ते लेखक पुढे काही वर्षांनी वारले. श्रद्धांजलीच्या सभेत मी बोललो. सभा संपल्यावर, चहाच्या वेळी, तीच गोष्ट मी पुन्हा सांगितली.

गच्चीवर कोणी काही बोलेना. पातेल्यातल्या दुधावर साय धरली होती.

"सर," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही खण उघडाच ठेवून गेला होतात. मीच लावला नंतर."

म्हणजे बाईंना सारे ठाऊक होते. वीस वर्षे आमच्या कॉलेजात कोणाही पाहुण्याचा परिचय करायचा असला की कोणीतरी डोळे मिचकावून म्हणायचा, "ग्रंथालयाचं कार्ड बघून घ्या हं!" आणि सगळे हसायचे. तो विनोद माझ्या दुकानातून गेलेला होता. बाई काउंटरवर बसून तो ऐकत होत्या, आणि मला पुस्तके काढून देत होत्या.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी विचारले.

"काय बोलायचं?" बाई म्हणाल्या. "कार्ड बरोबर होतं. बघायचं त्याला दिसलं असतं."

मॅनेजर इतका वेळ वाटीत चमचा फिरवत होते. ते म्हणाले, "मीही त्या ड्रायव्हरची माफी मागितली नाही. मंत्र्यांची मात्र दहादा मागितली." वकील म्हणाले, "आता हे बरं झालं. म्हणजे पुढच्या वर्षी गोष्टी कुणी सांगायच्या?" तेव्हा कोठे सगळे थोडे हसले, आणि वहिनींनी दूध वाटायला घेतले.

विमावाले व्यवहाराचे पक्के. त्यांनी विचारले, "पण कार्डाचं काय? विकलं की नाही?"

मी कार्ड बाईंच्या पुढे केले. बाईंनी ते घेतले नाही. "राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मागची बाजू कोरी आहे. लिहायला येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात गेलो. संगणकावर नाव घातले. कादंबरी मांडणीवर होती. आत चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर गेल्या पुष्कळ वर्षांत एकही शिक्का नव्हता. बाईंनी काही न बोलता माझ्या नावावर ती नोंदवली. मराठीच्या प्राध्यापकाने वीस वर्षे ज्या पुस्तकावर हशा मिळवला, ते पुस्तक त्याने पहिल्यांदा उघडले ते असे, चाळिशी लागल्यावर, चश्मा पुसत.

चार रात्री पुरली. खुणेला ते पाकशास्त्राचे कार्डच ठेवले होते. शेवटचे पान झाल्यावर कार्ड उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. ज्यांना लिहायचे होते ते आता नाहीत. पण पत्ता लिहिण्याची गरज नसली म्हणजे मजकूर सोपा होतो, हेही त्या दिवशी कळले. फार लिहिले नाही. दोनच ओळी लिहिल्या:

"कादंबरी वाचली. चांगली आहे. मलाही तशी लिहिता येणार नाही."